डोलोवर कॉम्बिफ्लॅम चालते का? आणि तापाच्या दिवसांतले बाकीचे प्रश्न

पाऊस लागला की या सदराची पत्रं एकदम बदलतात. उन्हाळाभर घामोळ्या आणि ओआरएस, आणि रंकाळ्यावर वारं फिरलं की ताप, अंगदुखी, 'ही गोळी त्या गोळीबरोबर चालते का'. या वेळी तसल्याच प्रश्नांचा ढीग आलाय म्हणून बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं जिथं 'डॉक्टरांना दाखवा' असं लिहिलंय ते अंग काढून घ्यायला लिहिलेलं नाही, तिथं खरंच दाखवायचंय.

प्रश्न : मी उद्यमनगरात फौंड्रीत आहे, वय ३६. मागच्या आठवड्यात अंग मोडून ताप आला. सकाळी डोलो ६५० घेतली, तासाभरात काय फरक वाटेना म्हणून कॉम्बिफ्लॅम, नाक गळायला लागलं म्हणून सिनारेस्ट. असं तीन दिवस तिन्ही गोळ्या तीन-तीन टाइम चालल्या. मित्र म्हणतो मिक्स केलं की किडनी जाते, घरची म्हणते काय होत नाही. कोण बरोबर?

दादा, दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत, पण तुमच्या बाबतीत मला किडनीच्या आधी लिव्हरची काळजी वाटते.

मिक्स करण्यात गुन्हा काय नाही. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही दोन औषधं धडधाकट मोठ्या माणसानं एकत्र घेतली तर चालतात, अहो कॉम्बिफ्लॅम म्हणजे तेच आहे, एका गोळीत आयब्युप्रोफेन ४०० एमजी आणि पॅरासिटामॉल ३२५ एमजी. दोघांचं काम वेगळ्या पद्धतीनं चालतं. अंगात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांच्यामुळं सूज येते, ठणका लागतो, ताप चढतो, आणि आयब्युप्रोफेन ती बनायचीच कमी करतं. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं हे कसं करतात ते जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ चं नोबेल त्याला त्या कामासाठी मिळालं. पॅरासिटामॉलचं काम जास्त करून मेंदू आणि मज्जातंतूंत चालतं, ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, पण सुजेवर त्याचा जोर नाही. म्हणून दोघांची जोडी जमते.

आता तुम्ही काय केलं त्याचा हिशोब करू. डोलो ६५० म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल ६५० एमजी, तीनदा झाले १९५०. कॉम्बिफ्लॅम तीनदा, त्यातलं पॅरासिटामॉल ९७५. सिनारेस्टच्या एका गोळीत पॅरासिटामॉल ५००, तीनदा म्हणजे १५००. बेरीज ४४२५ एमजी, आणि धडधाकट माणसाची २४ तासांची वरची हद्द ४००० एमजी आहे. वजन ५० किलोच्या आत असेल, रोजची दारू असेल, कावीळ होऊन गेली असेल किंवा तापात पोटात अन्न गेलं नसेल तर हद्द त्याच्याही खाली येते. तुम्ही तीन औषधं घेतली असं तुम्हाला वाटलं, पण तीन नावांखाली एकच औषध तीन खिशांतनं आत गेलं. मेडिकलच्या काउंटरवर मी रोज हेच बघतो, 'वेगळी गोळी द्या, ही लागू पडंना' म्हणून माणूस येतो आणि वेगळ्या नावाचं तेच औषध घेऊन जातो.

पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी पदार्थात बदलतो. एरवी लिव्हर ग्लुटाथायोन नावाचा स्वतःजवळचा पदार्थ वापरून तो निकामी करते, मात्रा वाढली की ग्लुटाथायोन संपतं आणि तो पदार्थ लिव्हरच्याच पेशी मारायला लागतो. यातला वाईट भाग असा की पहिल्या दिवशी फारसं काही वाटतच नाही, मळमळ होते, एखादी उलटी, माणूस म्हणतो तापाचीच असेल, आणि लिव्हर बिघडल्याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. याला उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो आठ तासांच्या आत चालू झाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून कुणी एका वेळी मूठभर गोळ्या घेतल्या असतील, चुकून असो की रागानं, तर 'अजून बरा आहे की' म्हणत घरी बसायचं नाही, कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय नाहीतर जवळचा मोठा दवाखाना गाठायचा, तो पण रिकाम्या स्ट्रिपा खिशात घालून.

तुमचा आठवडा होऊन गेलाय, भूक लागतेय, कामावर जाताय, तर घाबरून जाऊ नका. पण मळमळ राहिली असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, लघवी गडद होत असेल, डोळे पिवळट दिसत असतील तर आजच डॉक्टर गाठा. नसेल तसलं काय तरी लिव्हर फंक्शन टेस्ट करून टाका, डोक्यातली शंका जाईल.

मित्राचं अर्धं बरोबर ते असं. किडनीला रक्त नीट पोचावं म्हणून तिथं पण प्रोस्टाग्लँडिनच लागतात, आणि आयब्युप्रोफेन ती सगळीकडचीच कमी करतं. धडधाकट माणसानं दोन-चार दिवस घेतलं तर बहुतेक काय बिघडत नाही. पण ताप आलाय, त्यात भट्टीपुढं घाम गाळताय, पाणी धड पोटात नाही आणि वरनं आयब्युप्रोफेन, हे किडनीला झेपत नाही. ताप असताना कामावर जाऊच नका असं मी सांगून तुम्ही ऐकणार नाही, पण गेलात तर पाणी पीत राहा आणि ते दिवस पॅरासिटामॉलवरच काढा.

पुढच्या वेळी असं करा. आधी नुसतं पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५०, सहा तासांच्या अंतरानं. गोळीला लागू पडायला अर्धा ते एक तास लागतो, तेवढा तिला द्या. ताप ९८.४ वरच आला पाहिजे असा हट्ट नको, १०२ चा १००.५ झाला आणि अंग हलकं वाटलं म्हणजे गोळीनं काम केलं. तेवढ्यानं भागंनाच आणि डेंग्यूची शंका नसेल तर पोटभर जेवून कॉम्बिफ्लॅम, आणि त्या टाइमची डोलो सोडायची. कॉम्बिफ्लॅम दिवसात तीनच्या वर नाही, कारण तीन झाल्या की आयब्युप्रोफेन १२०० एमजी होतं आणि स्वतःच्या मनानं घ्यायची हद्द तिथं संपते. नाकासाठी पॅरासिटामॉल नसलेली गोळी मागून घ्या, साधी सेट्रिझिन असते, पण ती झोप आणते, भट्टीजवळ काम असेल तर रात्रीच घ्यायची. तीन दिवसांत ताप हटला नाही तर गोळ्या बदलत बसू नका, रक्त तपासा.

आणि एक. दोन गोळ्या कापून मागता तेव्हा औषधाचं नाव बऱ्याचदा दुकानातल्या तुकड्यावर राहतं आणि तुमच्या हातात नुसती चांदी येते. कापायच्या आधी स्ट्रिप उलटी करून बघा, कंपनीनं ठेवलेल्या नावावर जाऊ नका, आत काय आणि किती एमजी ते बारीक अक्षरात असतं ते वाचा. अक्षर दिसंना तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा, मी पण तेच करतो, चाळिशी लागल्यापासून.

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, वजन १२ किलो. ताप १०३ गेला की शेजारच्या काकू म्हणतात एकदा पॅरासिटामॉलचं सिरप दे आणि तीन तासांनी मेफ्टलचं, असं आलटून पालटून दे म्हणजे ताप डोक्यात जात नाही. करू का? (राजारामपुरी)

ताई, स्वतःच्या मनानं नको. मोठ्यांना जे चालतं ते लहानग्यांना जसंच्या तसं चालत नाही. आलटून पालटून दिलं की ताप थोडा जास्त वेळ खाली राहतो हे खरंय, पण रात्री दोन वाजता, पोर रडतंय, तुम्ही अर्धवट झोपेत, सासूबाईंनी अकराला कुठलं दिलं ते त्यांनाच आठवंना, अशात दोन बाटल्यांची दोन मापं आणि दोन वेळापत्रकं सांभाळताना डोस डबल होतोच. एकच औषध धरा, आणि ते पॅरासिटामॉल. ते देऊन तास-दोन तास झाले तरी पोर बेचैनच असेल तर बालरोगतज्ज्ञांना फोन करा, त्यांनी दुसरं द्यायला सांगितलं तर मात्रा आणि वेळ कागदावर लिहून घेऊन द्या.

मापाचं नीट बघा कारण खरा घोटाळा तिथं होतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागं १५ एमजीपर्यंत, म्हणजे तुमच्या मुलाला १८० एमजी, चार ते सहा तासांच्या अंतरानं, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता बाटल्या बघा. साध्या सिरपमध्ये ५ एमएलला १२० एमजी असतं, त्यातलं साडेसात एमएल. डबल स्ट्रेंथमध्ये ५ एमएलला २५० एमजी, त्यातलं साडेतीनच्या आसपास. आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स असतात त्यात एका एमएललाच १०० एमजी. म्हणजे घरात ड्रॉप्सची बाटली पडलीय आणि 'एक चमचा द्यायचा असतो' एवढंच कुणाच्या तरी लक्षात आहे, तर त्या एका चमच्यात ५०० एमजी जातं, जवळजवळ तिप्पट. स्वयंपाकघरातला चमचा वापरूच नका, बाटलीबरोबर आलेलं झाकण नाहीतर सिरिंज वापरा, आणि फ्रिजच्या दारावर कागद चिकटवून दिलेली वेळ लिहीत जा.

मेफ्टलचं सिरप म्हणजे मेफेनामिक ॲसिड, ते आयब्युप्रोफेनच्याच कुळातलं आहे. काही सिरपमध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आधीच मिसळलेलं असतं, ते देऊन वर परत पॅरासिटामॉल दिलं की वर फौंड्रीवाल्या दादांचं झालं तेच. पोराला जुलाब-उलट्या चालू असतील तर या कुळातलं काहीच नको. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडं २०११ पासून बंदी आहे, घरातल्या आजोबांची गोळी अर्धी करून द्यायचा विचार कुणाच्या मनात आला तर तिथंच थांबवा. आणि १६ वर्षांखाली ताप असताना ॲस्पिरिन म्हणजे डिस्प्रिन बिलकुल नाही, त्यानं राईज सिंड्रोम नावाचा मेंदू आणि लिव्हरचा आजार होऊ शकतो, क्वचित होतो पण झाला तर जीवघेणा.

'ताप डोक्यात जातो' याची भीती आपल्याकडं लई. तापात झटका येणारी मुलं असतात, पण तापाचं औषध आधीपासून देऊन तो झटका टळतो असं आढळलेलं नाही. औषध द्यायचं ते पोराला बरं वाटावं म्हणून. अंग गरम आहे पण पोर खेळतंय, पाणी पितंय, तर थर्मामीटर बघून झोपेतनं उठवून औषध पाजायची गरज नाही. पोर मलूल पडलंय, पाणी पीत नाही, श्वास जोरात चाललाय, मान ताठ वाटतेय किंवा अंगावर पुरळ आलंय, तर ताप १०० असला तरी तडक दवाखाना.

प्रश्न : गोळी रिकाम्या पोटी चालते का? आणि रविवारी मटणाचा बेत असतो, थोडी 'बसणं' पण होतं, त्या दिवशी गोळी घेतली तर? (नाव नको, कसबा बावडा)

पॅरासिटामॉल रिकाम्या पोटी चालतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक खाऊन घ्यायचं, आणि खाऊन म्हणजे चहा-बटर नव्हे, जेवून. तांबडा-पांढरा जेवून घेतली तरी गोळीला काय फरक पडत नाही, पोटात आधीच जळजळत असेल तर रश्श्यावर वर त्या गोळीची भर कशाला एवढंच. बसणार असाल त्या रात्री आयब्युप्रोफेनच्या कुळातलं काही नको, दोन्ही मिळून जठर सोलतात, रक्तस्राव होऊ शकतो. रोज दारू घेणाऱ्यानं पॅरासिटामॉल पण डॉक्टरांना विचारून आणि कमी मात्रेत. आता गंमत अशी की आयब्युप्रोफेन शोधणाऱ्या स्ट्युअर्ट ॲडम्सनीच ते रात्रीची उतरली नव्हती म्हणून भाषणाआधी स्वतः घेऊन बघितलं होतं आणि डोकं थांबलं होतं, हा किस्सा ते स्वतःच सांगायचे. त्यांचं निभावलं. तुम्ही उदाहरण घेऊ नका.

प्रश्न : मी मंगळवार पेठेत तालमीत जातो, वय २२. घोटा मुरगळला, कॉम्बिफ्लॅमनं भागत नाही म्हणून एकानं व्होवेरॅन पण दिली. चार दिवसांवर मैदान आहे. आणखी स्ट्राँग काय मिळेल?

भावा, कॉम्बिफ्लॅम आणि व्होवेरॅन एकत्र अजिबात नको. व्होवेरॅन म्हणजे डायक्लोफेनॅक, ते आणि आयब्युप्रोफेन एकाच जातीचे. एका जातीची दोन औषधं घेऊन दुखणं दुप्पट थांबत नाही, पोटाचं आणि किडनीचं नुकसान मात्र वाढतं. वजन उतरवायला पाणी तोडत असशील तर आणखीनच.

स्ट्राँग म्हणशील तर ऐक. २०१७ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्ककडं दवाखान्याच्या इमर्जन्सीत हाता-पायाच्या ताज्या दुखापतीचे ४११ लोक घेऊन बघितलं होतं. काहींना आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल १००० दिलं, बाकीच्यांना अफूच्या कुळातल्या कडक गोळ्या. दोन तासांनी दुखणं किती कमी झालं ते मोजलं तर म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे तुझ्याकडं आहे तीच जोडी नीट घेतली तर ताज्या दुखापतीला पुरेशी आहे. जेवून कॉम्बिफ्लॅम एक, हवीच तर तिच्याबरोबर पॅरासिटामॉल ५०० एक, आठ तासांनी परत, दोन-तीन दिवस. बाकी बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर.

एवढं करून पण घोट्यावर भार देऊन चार पावलं टाकता येत नसतील तर तो मुरगळलेला आहे का मोडलाय ते एक्स-रेशिवाय कळणार नाही. दुखणं गोळीनं झाकून लाल मातीत उतरलास तर समोरचा पैलवान तुझा घोटा बघून थोडाच खेळणार आहे. वस्तादांना सांग, मैदानं पुढं पण आहेत.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, कागलला शेतात अजून जातात. बीपीची टेल्मा-एच आणि हार्टसाठी इकोस्प्रिन ७५ चालू आहे. गुडघ्यासाठी गेलं वर्षभर रोज एक झेरोडॉल-एसपी घेतात, बरोबर पॅन-डी असते म्हणून पोटाचा त्रास नाही. चालू ठेवावी का?

नको. आजच्या सगळ्या पत्रांत मला हे पत्र सगळ्यात जास्त टोचलं.

झेरोडॉल-एसपीमध्ये ॲसिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५ आणि सेरॅटिओपेप्टिडेज असतं. ते शेवटचं सूज उतरवतं म्हणून घालतात, पण त्याचा पुरावा कच्चा आहे. ॲसिक्लोफेनॅक हे डायक्लोफेनॅकच्या जातीचं. आता वडिलांची बीपीची गोळी बघा, तिच्यात टेल्मिसार्टन आहे आणि 'एच' म्हणजे लघवी वाढवणारं औषध आहे. टेल्मिसार्टन किडनीतला दाब कमी करतं, 'एच' अंगातलं पाणी कमी करतं, आणि ॲसिक्लोफेनॅक किडनीकडं जाणारं रक्त कमी करतं. तिन्ही एकत्र आली की म्हाताऱ्या माणसाची किडनी अचानक बसू शकते, त्यात शेतात ऊन आणि घाम. शिवाय या जातीच्या गोळ्या बीपी वाढवतात, म्हणजे एका हातानं बीपीची गोळी द्यायची आणि दुसऱ्यानं तिचं काम मोडायचं. हार्टच्या माणसाला या गोळ्यांनी हार्ट अटॅकचा धोका पण वाढतो. आणि पॅन-डी पोट सांभाळते, किडनी आणि हार्ट नाही. पोटात जळजळत नाही म्हणून गोळी सोसतेय असं वाटत राहतं, हीच फसवणूक आहे.

या जातीची औषधं किडनीला काय करू शकतात ते बघायचं असेल तर आपली गिधाडं कुठं गेली ते विचारा. जनावरांना डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं द्यायचे, मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी होऊन ती पटापटा मरायची, शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही, पण ७१ व्या वर्षी, वर्षभर, रोज?

काय करायचं ते सांगतो. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची, म्हणजे किडनीची रक्ततपासणी या आठवड्यातच करा आणि रिपोर्ट बीपीच्या डॉक्टरांना दाखवा, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, बऱ्याचदा हार्टच्या डॉक्टरांना गुडघ्याची गोळी माहीतच नसते. इकोस्प्रिन (म्हणजे कमी मात्रेतलं ॲस्पिरिन) आणि टेल्मा स्वतःहून बंद करू नका, बंद करायची ती झेरोडॉल. तिच्या जागी आयब्युप्रोफेन पण नको, ते इकोस्प्रिनच्या कामात आडवं येतं, रक्त पातळ ठेवायचा जो फायदा मिळायचा तो कमी होतो. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावून बघा, कातडीवाटे रक्तात फार थोडं जातं, तरी किडनीचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांना विचारूनच. जास्त दुखलं त्या दिवशी पॅरासिटामॉल ५००. आणि मांडीचा स्नायू मजबूत करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडनं शिकून घ्या, खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायचा, एवढासाच असतो. महिनाभरानं फरक कळतो. वडील म्हणतील गोळीच बरी, पण तुम्ही मागं लागा.

प्रश्न : आमच्या गल्लीत डेंग्यूचे पेशंट निघालेत. घरात ताप आला तर कुठली गोळी सुरक्षित? (पंचगंगा घाटाजवळ)

फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात, आणि ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनामिक ॲसिड ही सगळी रक्तस्रावाची शक्यता वाढवतात. पहिल्या दिवशी कळत नाही की हा साधा व्हायरल आहे का डेंग्यू, म्हणून पावसाळ्यात ताप आला की निदान होईपर्यंत कॉम्बिफ्लॅम, मेफ्टल, ताप लवकर उतरवणारं इंजेक्शन, सगळं लांब ठेवायचं. दवाखान्यात पण 'इंजेक्शन मारा, उद्या कामावर जायचंय' म्हणून गळ घालू नका. पहिल्या चार-पाच दिवसांत डेंग्यूसाठी एनएस वन नावाची रक्ततपासणी होते. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं डेंग्यूत नसतं, उलट तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतानाच जपायचं असतं. पोटात सारखं दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातनं रक्त, काळी शी, माणूस गळून पडलाय, यातलं एक जरी दिसलं तरी ॲडमिट.

तुमच्या भागात २०१९ ला आणि २०२१ ला पाणी शिरलं होतं, म्हणून हे पण. पुराच्या पाण्यात पाय भिजल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल, असं झालं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातनं होणारा संसर्ग) असू शकतो. तो लिव्हर आणि किडनी दोन्ही धरतो, त्यामुळं पोटऱ्या दुखतात म्हणून दुखण्याच्या गोळ्या खात बसणं सगळ्यात वाईट. डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आपणहून सांगा.

प्रश्न : मी इचलकरंजीत मागावर कामाला आहे, रात्रपाळी असते. डोकं दुखतं म्हणून रोज एक-दोन सॅरिडॉन, गेलं वर्षभर. आता गोळी घेतली नाही की डोकं उठतं. डोस वाढवू का दुसरी जोडू?

वाढवू पण नका, जोडू पण नका. आता डोकं गोळीमुळंच दुखतंय अशी दाट शंका आहे. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉलबरोबर कॅफिन असतं, आणि असल्या मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की मेंदूला सवय लागते, गोळीचा अंमल उतरला की डोकं परत उठतं, मग परत गोळी. साध्या गोळ्यांना हेच व्हायला महिन्यात पंधरा दिवस लागतात. मागाचा आवाज, जागरण आणि रात्रीतनं पाच-सहा कटिंग याची भर आहेच. गोळी बंद केली की पहिला आठवडा-दीड आठवडा डोकं जास्तच दुखणार हे आधी मान्य करा, सुट्टीच्या आठवड्यात करा, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा, मायग्रेन असेल तर तो येऊच नये म्हणून वेगळ्या गोळ्या असतात. कानात बोळे घाला, रात्रपाळीला पाण्याची बाटली जवळ ठेवा. एकदम वीज पडल्यासारखं डोकं उठलं, बोलणं अडखळलं, हातात जोर राहिला नाही, नजर धूसर झाली तर मात्र पाळी सोडून दवाखाना.

प्रश्न : पाळीत मेफ्टल-स्पास घेते, कमी पडली तर वर कॉम्बिफ्लॅम चालेल का? (कॉलेजची विद्यार्थिनी, शाहूपुरी)

नाही ग, दोन्हीत एकाच जातीचं औषध आहे, मेफ्टल-स्पासमध्ये मेफेनामिक ॲसिड आणि पेटके कमी करणारं डायसायक्लोमिन. कमी पडलं तर जोडीला पॅरासिटामॉल ५०० घे, ते चालतं. दुखणं टिपेला गेल्यावर घेण्यापेक्षा सुरू होताना जेवून घेतलीस तर जास्त लागू पडते, आणि पोटाला गरम पाण्याची पिशवी खरंच काम करते. मेफेनामिक ॲसिडबद्दल सरकारच्या फार्माकोपिया आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये एक सूचना काढली होती. क्वचित कुणाला त्यानं ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज असं मोठं रिॲक्शन येतं, ते गोळी घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी पण येऊ शकतं. तसं काही झालं तर ती गोळी परत घ्यायची नाही आणि डॉक्टरांना नाव सांगायचं. दम्याचा त्रास असेल तर या जातीची कुठलीच गोळी विचारल्याशिवाय नको. दर महिन्याला दोन-तीन दिवस कॉलेज बुडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जाऊन ये, आईला घेऊन. आणि ताईचं लग्न झालंय, तिला पण हीच गोळी देते असं तू पत्रात लिहिलंयस, तर तिला दिवस गेले असतील किंवा चुकले असतील तर तिच्या हातात ही पण नको आणि कॉम्बिफ्लॅम पण नको, तिनं आधी डॉक्टरांना विचारायचं, दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही गरजेपुरतं.